सुलतानी चांदीचे टंके जमवताय? या चुका टाळा

दिल्लीच्या सुलतानांचा चांदीचा टंका हाती आला की नवखा संग्राहक तो आधी घासायला घेतो, वाचायचं नंतर बघू म्हणतो. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. अल्तमशने (1211–1236) रूढ केलेल्या या नाण्यावर राजाचा मुखवटा नसतो. दोन्ही बाजूंना असतो तो अरबी मजकूर. तो गेला की उरते जेमतेम पावणेअकरा-अकरा ग्रॅम चांदी, आणि तिचा भाव कुठलाही सराफ सांगेल.

म्हणून चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर यांतलं काहीही नाण्याला लावू नका. काळसर झाक हा दोष नाही. जाणता गिऱ्हाईक तीच बघून पैसे मोजतो. माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, मग सुती कापडाने टिपा. पुसू नका, टिपा. कडक खपली सुईने उकरायच्या फंदात तर पडूच नका, तिच्याबरोबर अक्षरंही निघतात. ठेवायला पीव्हीसीची मऊ पाकिटंही नकोत. काही वर्षांनी ती हिरवा चिकट थर सोडतात.

सालाचा घोटाळा

आता वाचनाकडे. अलाउद्दीन खलजीचा टंका घ्या. त्यावर ‘खलजी’ शोधत बसलात तर सापडणार नाही. ‘अला अल-दुनिया वल-दीन’ ही पदवी आणि पुढे ‘मुहंमद शाह’ हे नाव, एवढंच दिसेल. ‘मुहंमद’ दिसला की तुघलक ठरवून मोकळे होणारे बरेच असतात. पाठीमागच्या वर्तुळात ‘सिकंदर अल-सानी’, म्हणजे दुसरा सिकंदर, असं दिसलं की शंका मिटते. (नम्रता हा या सुलतानाचा गुण कधीच नव्हता.)

टांकसाळ आणि साल असतं त्या वर्तुळाभोवतीच्या कडेला, आणि साल आकड्यांत नाही, शब्दांत. इथे भलेभले अडखळतात. अरबीत सात म्हणजे ‘सबअ’ आणि नऊ म्हणजे ‘तिसअ’. टिंबं काढली की दोन्ही शब्दांत उरतात चार दात, म्हणजे अक्षरांची छोटी उभी टोकं, आणि शेवटी ‘ऐन’ हे अक्षर. नाण्यावर ही टिंबं बहुधा नसतातच! त्यामुळे हिजरी 707 की 709, हे सुलतानाच्या कारकिर्दीवरूनही सुटत नाही, कारण दोन्ही सालं अलाउद्दीनचीच. कुठला दात उंच आहे ते भिंगातून बघा: ‘तिसअ’मध्ये उजवीकडून पहिला उंच असू शकतो, ‘सबअ’मध्ये चौथा. ठसा कोरणाऱ्याने तेवढी काळजी घेतली नसेल तर वहीत दोन्ही सालं लिहून ठेवा. विक्रेता दुर्मीळ सालाचे जादा पैसे मागत असेल तर अशा वेळी देऊ नका. कड कापलेला किंवा ठसा सरकलेला टंका स्वस्त मिळतो, पण साल त्या कडेलाच असतं हे विसरू नका.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे हिजरी सालात सरळ 622 मिळवणं. 707 चे 1329 होतात, आणि अलाउद्दीन तर 1316 मध्येच वारला. हिजरी वर्ष चांद्र, म्हणून आखूड. आधी 0.97 ने गुणा, मग 622 मिळवा: येतात 1307–08. म्हणजे मलिक काफूर देवगिरीच्या रामदेवरावावर चालून आला, त्या सुमाराचं नाणं.

नाण्यावरच्या खलिफाच्या नावावरूनही काळ ठरवू नका. बगदादचा खलिफा मुस्तासिम याला हुलागूच्या मंगोलांनी 1258 मध्ये मारलं, तरी बल्बनच्या आणि जलालुद्दीन खलजीच्या टंक्यांवर त्याचं नाव येतच राहिलं. मेलेल्या खलिफाच्या नावाने जवळजवळ चाळीस वर्षं नाणी पडत होती. मुहंमद तुघलकाने तर काही नाण्यांवर स्वतःचं नाव वगळून नुसतं खलिफाचंच घातलं. अशी नाणी ‘अज्ञात’ म्हणून डब्यात पडून राहतात.

खरं-खोटं

नुसत्या वजनावर भरवसा ठेवू नका, ते जुळवता येतं. दोन दशांशांपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. टंका बारीक दोऱ्याने पूर्ण बुडेल, पण तळाला टेकणार नाही असा धरा. काटा आता नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन दाखवतो: 10.8 ग्रॅमचा चांदीचा टंका साधारण 1.03 ग्रॅम दाखवेल, जर्मन सिल्व्हरचा असेल तर 1.24 च्या आसपास. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटलेला नसावा. आकडा बरोबर आला तरी कड बघाच: सांध्याची रेघ, पृष्ठावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, मऊ पडलेली अक्षरं दिसली तर नाणं ठोकलेलं नाही, ओतलेलं आहे. खऱ्या चांदीतही नकला ओततात. कडी लावून दागिना केलेल्या टंक्याला सांधल्याचा डाग राहतो, त्याची किंमत कमीच धरा. सराफांनी जुन्या काळी मारलेल्या छोट्या छापांनी मात्र घाबरून जायचं कारण नाही.

आणि शेतात किंवा जुन्या वाड्याच्या पायात सापडलेला गठ्ठा कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीतलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तसंच, शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. न्यू जर्सीच्या भाच्याला टंका भेट द्यायचा असेल, तर तो भारतात येईल तेव्हा दाखवा आणि परत आपल्याच कपाटात ठेवा.