फारसीत भाववाचक नाम कसे तयार करावे

मराठीत ‘-पणा’, ‘-ता’ आणि ‘-की’ मिळून जे काम करतात, त्यातले बरेचसे फारसीत एकटा ‘-ई’ हा प्रत्यय करतो. तो लावण्यापूर्वी मूळ शब्दाचा शेवटचा ध्वनी तपासावा. शेवटी व्यंजन असल्यास ‘-ई’ सरळ जोडावा: ‘खूब’ म्हणजे चांगला, ‘खूबी’ म्हणजे चांगुलपणा. शेवटी ‘आ’ असल्यास ‘जीबा’ (सुंदर) पासून ‘जीबाई’ होते आणि लिहिताना ‘ये’ हे (‘य’ आणि ‘ई’साठीचे) अक्षर दोनदा येते. मराठी वाचकाला हा नियम पाठ करावा लागू नये, कारण ‘पेशवा’पासून ‘पेशवाई’ अशीच झाली आहे.

शब्दाच्या शेवटी न उच्चारला जाणारा ‘हे’ (फारसी लिपीतला ‘ह’) असेल, तर तो गाळून ‘-गी’ जोडावा: ‘जेंदे’ (जिवंत) – ‘जेंदेगी’, ‘तेश्ने’ (तहानलेला) – ‘तेश्नेगी’. हा ‘ग’ उपरा नाही. इस्लामपूर्व इराणातल्या सासानी काळातल्या मध्य फारसीत ‘जेंदे’ हा शब्द ‘जींदग’ असा होता, त्यातला अंत्य ‘ग’ पुढे झडला, पण प्रत्ययाच्या आडोशाने टिकून राहिला. आपली ‘जिंदगी’ आणि ‘बंदगी’ याच वाटेने आली. मात्र ‘शाह’मधला ‘ह’ उच्चारला जात असल्याने तेथे ‘शाही’च होते.

बोलताना आघात सांभाळावा. ‘मर्दी’तल्या ‘ई’वर जोर दिल्यास अर्थ ‘मर्दपणा’ होतो आणि ‘मर्द’वर दिल्यास ‘कोणी एक पुरुष’. लिपीत मात्र दोन्ही सारखेच दिसतात.

क्रियापदापासून नाम करायचे असल्यास वर्तमानकाळी धातूला ‘-एश’ लावावा: ‘कूशीदन’ (झटणे), धातू ‘कूश’, नाम ‘कूशेश’, म्हणजेच आपल्या कानावरची ‘कोशिश’. धातूच्या शेवटी ‘आ’ असल्यास मध्ये ‘य’ येतो: ‘फर्मा’ – ‘फर्मायेश’. भूतकाळी धातूला ‘-आर’ लागतो: ‘गोफ्त’ – ‘गोफ्तार’ (बोलणे), ‘रफ्त’ – ‘रफ्तार’. हिंदीत ‘रफ्तार’ म्हणजे वेग असला, तरी इराणात त्याचा अर्थ वागणूक असा होतो.

‘-आर’ मनाने कोठेही लावू नये, शब्दकोश पाहावा. ‘आमदन’ (येणे) पासून ‘आमदार’ होत नाही, तो आपल्या विधानसभेतच शोभतो. आणि ‘गेरेफ्तार’ हे भाववाचक नाम नसून त्याचा अर्थ ‘सापडलेला’ असा आहे. जरथुश्त्री धर्मातली सद्विचार, सदुक्ती आणि सत्कृती ही त्रयी फारसीत ‘पेंदारे नीक, गोफ्तारे नीक, केर्दारे नीक’ अशी म्हणतात. तिन्ही शब्द एकाच साच्यातले वाटतात, परंतु ‘पेंदाश्तन’ या क्रियापदाचा वर्तमानकाळी धातूच ‘पेंदार’ आहे, त्यामुळे तेथे प्रत्यय मुळी लागलेलाच नाही.