पहिल्या वर्षानंतर डिग्री बदलायची आहे? हिशेब जानेवारीतच मांडा

मराठवाड्यात हा विषय बहुतेक घरांत जून-जुलैत निघतो. निकाल लागतो, दोन-तीन विषय राहतात, पोरगं म्हणतं "हे मला जमत नाही", आणि धावपळ सुरू होते. तोवर दारं बंद झालेली असतात. इंजिनिअरिंग, फार्मसी आणि कृषी पदवी या तिन्हींची वाट राज्याच्या प्रवेश परीक्षेतून, म्हणजे एमएचटी-सीईटीतून जाते. तिचे फॉर्म हिवाळ्यात सुटतात, परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते आणि मागच्या वर्षीचा स्कोअर चालत नाही. मेडिकलची नीट मेमध्ये असते. बीबीए-बीसीएलाही २०२४ पासून सीईटी लागते. म्हणून पहिल्या सेमिस्टरचे पेपर संपले की लगेच विचाराला बसा आणि मन डळमळत असेल तरी सीईटीचा फॉर्म भरून ठेवा. फॉर्म भरला म्हणजे डिग्री सोडली असं होत नाही. फीचे थोडे पैसे जातात, वाट उघडी राहते.

आधी नेमकं काय टोचतंय ते शोधा. विषय नकोसा झालाय, की भाषा अडतेय, की कॉलेज, की खोली आणि मेस? बाहेरून हे चारही सारखेच दिसतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या सेमिस्टरमध्ये इंग्रजीची भिंत लागते आणि तो समजतो की विषयच अवघड आहे. यावर साधी चाचणी आहे. ज्या धड्याने छळलं तोच धडा मराठीतून समजावणाऱ्याकडून किंवा मराठी व्हिडिओवरून चार आठवडे, रोज एक तास करा. मग त्यावरची मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकेतली पाच गणितं किंवा उत्तरं स्वतः लिहून बघा. तीन जमली तर अडचण भाषेची आहे. डिग्री बदलून ती जाणार नाही, नव्या वर्गातही सोबत येईल.

दुसरी चाचणी पहिल्या वर्षाची पुस्तकं मिटवून करायची. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तिसऱ्या आणि पाचव्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळपास सारखंच असतं: गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, ड्रॉइंग. खरी शाखा तिसऱ्या सेमिस्टरपासून सुरू होते. एम-वन (पहिल्या सेमिस्टरचं गणित) राहिला म्हणून कॉम्प्युटर सोडणं म्हणजे पेरणीआधीच पीक बुडालं म्हणण्यासारखं आहे. उलट तिसऱ्या वर्षाचे विषय वाचूनही एकावरही थांबावंसं वाटलं नाही, तर तो कौल गंभीरपणे घ्या. त्याच डिग्रीच्या शेवटच्या वर्षातल्या दोघांना गाठा आणि "कसं आहे" असं न विचारता "सोमवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करता" असं विचारा.

डिग्री न बदलता सुटणारे प्रश्नही बरेच असतात. बीए, बीकॉम, बीएस्सीला नवीन शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून मेजर-मायनरची (मुख्य आणि दुय्यम विषयांची) रचना आली आहे. पहिल्या वर्षी घेतलेल्या विषयांतून दुसऱ्या वर्षी मेजर बदलता येतो का, हे विभागप्रमुखांना विचारा, नुसत्या काउंटरवरच्या उत्तरावर थांबू नका. इंजिनिअरिंगमध्ये दुसऱ्या वर्षाच्या रिकाम्या जागांवर पहिल्या वर्षाच्या गुणांनुसार शाखा किंवा कॉलेज बदलायची संधी मिळू शकते, पण त्यासाठी सगळे विषय सुटलेले असावे लागतात. एटीकेटी घेऊन ही वाट शोधत बसू नका. बीएस्सीवाल्यांना एक रस्ता सहसा कोणी सांगत नाही: बारावीला गणित असेल तर बीएस्सी पूर्ण करून थेट दुसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरिंगला जाता येतं. आणि एमपीएससीच करायची असेल तर कोणतीही पदवी चालते, त्यासाठी इंजिनिअरिंग मोडून बीए धरायची गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ पासून एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांना मुभा दिली आहे, त्यामुळे नियमित डिग्रीसोबत मुक्त विद्यापीठाचा पर्यायही तपासता येतो.

लातूरकडचा नमुना वेगळा. नीट पुन्हा द्यायची म्हणून बीएस्सीला नावापुरता प्रवेश घेतात आणि वर्षभर क्लास करतात. यात दोन्ही बुडण्याचा धोका मोठा आहे, कारण हजेरी भरत नाही, विषय मागे राहतात आणि नीटचे गुणही तेवढेच राहतात. जानेवारीअखेर शेवटच्या सहा पूर्ण सराव परीक्षांची सरासरी काढा. ती तुमच्या प्रवर्गाच्या मागच्या वर्षीच्या शेवटच्या फेरीच्या कटऑफपेक्षा ६०-७० गुणांनी खाली असेल, तर नीटच्या भरवशावर डिग्री सोडू नका. हा आमचा ठोकताळा आहे, नियम नव्हे. मेडिकलमधला मराठवाड्याचा ७०:३० प्रादेशिक कोटा २०२० मध्येच रद्द झाला, तरी काही घरांत अजून त्यावरच गणित मांडलं जातं.

इंजिनिअरिंगचा कटऑफ वाचताना मात्र शेवटचं अक्षर बघा. जीओपन म्हणजे खुला प्रवर्ग. जीओपनएच (GOPENH) म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातले विद्यार्थी, जीओपनओ म्हणजे बाहेरचे, जीओपनएस म्हणजे राज्य पातळी. बारावी कुठून केली यावर तुमचं 'घर', म्हणजे होम विद्यापीठ, ठरतं. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात. चुकीची ओळ वाचून "लागेल" म्हणणारे दरवर्षी भेटतात. बारावीचे विषयही तपासा. गणित नसेल तर इंजिनिअरिंग सहसा बंदच, फार्मसी मात्र जीवशास्त्रावरही होते.

पैशाचा हिशेब कागदावर मांडा: गेलेल्या वर्षाची फी, बारा महिन्यांची खोली-मेस, नव्या डिग्रीची सगळ्या वर्षांची फी आणि एक वर्ष उशिरा सुरू होणारा पगार. मग शिष्यवृत्ती. राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, महाडीबीटीवर, पहिल्या अभ्यासक्रमाचा अर्ज नोंदलेला असतो. मधेच अभ्यासक्रम बदलल्यावर पुढे लाभ चालू राहील का, हे योजनेगणिक वेगळं असतं, म्हणून सोडण्याआधी ती योजना चालवणाऱ्या कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या. मुलींसाठी जुलै २०२४ च्या निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी कुटुंबांना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे, पण प्रवेश राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच (कॅप) हवा. संस्था पातळीच्या जागेवर गेलात की ही माफी गेली. शैक्षणिक कर्ज असेल तर ते जुन्या अभ्यासक्रमासाठी मंजूर झालेलं आहे, नव्यासाठी बँकेची वेगळी मंजुरी लागते.

आता कागदं. टीसी शेवटी काढायची, नवी जागा पक्की झाल्यावरच. विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर करा. एक वर्ष गेलं म्हणून गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, स्टॅम्प पेपर लागतो का हे आधी विचारा. नॉन-क्रिमीलेयरवर ३१ मार्चची मुदत छापलेली असते. ती प्रवेशानंतरच्या ३१ मार्चपर्यंत चालते ना, हे मेमध्येच बघा, कारण जूनला सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. पहिल्या वर्षाचे क्रेडिट एबीसी खात्यात (क्रेडिट जमा होणारं ऑनलाइन खातं) चढले का तेही तपासा. ४० ते ४४ क्रेडिट आणि ठरलेला जादा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण केला असेल तर एका वर्षाचं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. सीईटीतून नव्याने पहिल्या वर्षाला बसलात तर मात्र जुने क्रेडिट कितपत उपयोगी पडतील हे नवं विद्यापीठ ठरवतं, त्यांची आशा धरून बसू नका.

कॉलेजने "उरलेल्या वर्षांचीही फी भरा, मगच मूळ कागद" असं म्हटलं तर लेखी मागा. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवण्यास यूजीसीची मनाई आहे, तक्रार यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर करता येते. नव्या ठिकाणी प्रवेश घेऊन लगेच रद्द करायची वेळ आली तर यूजीसीच्या २०१८ च्या सूत्रानुसार परतावा दिवसांवर ठरतो: प्रवेशाच्या शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के, पुढे शून्य. केंद्रीय फेरीतल्या प्रवेशाचे रद्द करण्याचे नियम वेगळे असतात, ते माहितीपुस्तिकेत वाचा.

घरी सांगताना हा हिशेबाचा कागदच पुढे ठेवा. नव्या प्रवेशाची फी जुलै-ऑगस्टला भरावी लागते आणि सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या सुमारास हातात येतात. तेव्हा हप्ते पाडून मिळतील का, हे नव्या कॉलेजात प्रवेशाच्याच दिवशी विचारा आणि हप्त्यांच्या तारखा पावतीवर लिहून घ्या.