मरे सिंक्लेअर यांचं काम वर्गात कसं न्यावं

कॅनडातल्या विनिपेगमध्ये रविवारी मराठी वर्ग घेते, म्हणून सांगते. ३० सप्टेंबरला, म्हणजे आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांच्या स्मरणदिनी, नुसते नारंगी शर्ट घालून फोटो काढू नका. आधी त्या शर्टाची गोष्ट सांगा: १९७३ मध्ये सहा वर्षांच्या फिलिस वेबस्टॅडचा, आजीने हौसेने घेतलेला नवा शर्ट निवासी शाळेत पहिल्याच दिवशी काढून घेतला. मुलं गप्प होतात, होऊ द्या. मग अनिशिनाबे या आदिवासी समाजातल्या न्या. सिंक्लेअर यांच्या, या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाच्या ९४ शिफारशींतली ६२वी वाचा, शाळांत काय शिकवावं ते तिच्यात आहे. मोठ्या मुलांना ब्रिटिश राजसत्ता आणि इथले आदिवासी यांच्यातला १८७१चा पहिला जमीन-करार शोधायला लावा. आपली घरं त्याच जमिनीवर आहेत. बालवाडीतल्यांना मारहाणीचे तपशील अजिबात नकोत. पालकांनाही बसवा, चहा ठेवला की थांबतात.