इगतपुरीत उभं राहून न्हावाशेव्याची कंटेनर गाडी कशी ओळखायची (पोराला घेऊन गेलात तर मजा डबल)

नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाला बंदर बघायचं म्हटलं की तो डायरेक्ट मुंबईचा प्लॅन करतो, पण खरं सांगू का, मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराकडे जाणारा माल आपल्या दारावरूनच जातो, नाशिकरोडवरून, फक्त आपण पंचवटी एक्स्प्रेसची वाट बघत उभे असतो आणि मधे मालगाडी घुसली की शिव्या घालतो. मी पण घालायचो. मग माझ्या भाच्याला, वय वर्षं नऊ, मालगाड्यांचं खूळ लागलं आणि मामा म्हणून मला सगळं शिकावं लागलं. जे शिकलो ते इथे टाकतोय.

आधी जागा. नाशिकरोडला पण दिसतात पण तिथे गाड्या सुसाट जातात, नंबर वाचायला वेळच मिळत नाही. इगतपुरी बेस्ट, कारण पुढे घाट आहे, ३७ फुटाला १ फूट असा उतार, त्यामुळे मालगाडी इथे थांबते, ब्रेक तपासल्याशिवाय खाली सोडत नाहीत. थांबलेली गाडी म्हणजे आपलं काम झालं. सकाळची पंचवटी धरा, जायला तासाभराच्या आत, उतरून वडापाव घ्या आणि प्लॅटफॉर्मच्या मुंबईकडच्या टोकाजवळ बसा. तिकीट खिशात ठेवा. रुळात उतरू नका, फोटोसाठी तर अजिबातच नाही, तो रेल्वे कायद्याने गुन्हा आहे आणि वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. पावसाळ्यात जाऊ नका असं मी म्हणणार नाही, इगतपुरी पावसातच खरी, पण जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यात समोरचा डबासुद्धा दिसत नाही, नंबर वगैरे विसरा.

आता दिशा, इथे मी पहिल्यांदा साफ गंडलो होतो. रेल्वेत मुंबईकडे जाणारी गाडी 'अप' आणि मुंबईकडून येणारी 'डाउन'. म्हणजे इगतपुरीला अप गाडी घाट उतरून खाली जाते आणि डाउन गाडी वर चढून येते, एकदम उलटं. अनाउन्समेंटमध्ये 'डाउन' ऐकून मी भाच्याला म्हटलं, ही बघ चालली बंदराला, त्याने शांतपणे विचारलं, मामा मग मागे ढकलायला इंजिन कशाला लावलंय. बरोबर होतं त्याचं. घाटाखालच्या कसाऱ्याहून वर चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिन लावतात, त्याला बँकर म्हणतात. म्हणजे ती गाडी बंदराकडून माल घेऊन आत, मनमाडकडे निघाली होती. तर नियम सोपा ठेवा: तोंड कसाऱ्याकडे असेल तर बंदराकडे, तोंड नाशिककडे असेल तर बंदराकडून.

सगळ्याच मालगाड्या बंदराच्या नसतात हे पण लक्षात घ्या. वरून उघडे, उंच कडांचे डबे म्हणजे कोळसा, आपल्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राला असलाच कोळसा येतो. बंद पत्र्याचे डबे म्हणजे धान्य, खत, सिमेंट. गोल टाक्या म्हणजे पेट्रोल-डिझेल, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोमुळे या लाइनला त्या भरपूर दिसतात. आणि सपाट, बुटकी, बिनभिंतीची गाडी जिच्यावर रंगीबेरंगी खोकी, म्हणजे कंटेनर, ठेवलीत, ती आपली. त्या वॅगनवर बीएलसी असं लिहिलेलं असतं, शेवटी ए किंवा बी. पाच-पाच वॅगन कायमच्या जोडलेल्या असतात, दोन टोकांच्या ए आणि मधल्या तीन बी, असे नऊ संच म्हणजे ४५ वॅगन. एका वॅगनवर २० फुटी दोन खोकी किंवा ४० फुटी एक. म्हणजे पूर्ण भरलेली गाडी २० फुटीच्या हिशोबात ९० खोकी नेते, रस्त्याने तेवढ्या ट्रेलरची रांग मुंबई हायवेला डोळ्यासमोर आणा जरा.

दुमजली खोकी, म्हणजे एकावर एक, इथे दिसणार नाहीत, वाट बघू नका. घाटात बोगदे आहेत आणि तारेची उंची तेवढी नाही. दुमजली गाड्यांसाठी वेगळी लाइन बांधलीय, पश्चिम मालवाहतूक मार्ग, दादरी ते न्हावाशेवा, १५०६ किलोमीटर, पण ती गुजरात-राजस्थानकडून येते, नाशिकला तिचं तोंडही दिसत नाही. आपल्याकडून जाणारी गाडी कसारा, कल्याण, पनवेल, जासई करत बंदरात शिरते. आणि ही खोकी नाशिकचीच असतात असं समजू नका, नागपूरच्या अजनीचा कंटेनर डेपो आहे, दौलताबादजवळ माळीवाड्याचा आहे, तिकडचा माल मनमाडवरून याच लाइनला लागतो.

हां, आणि द्राक्षं? माझे काका पिंपळगावला बागायतदार आहेत, त्यांना विचारलं तर हसले. द्राक्षाला शून्य डिग्रीच्या आसपास थंडावा लागतो, कंटेनरला सतत वीज लागते, रेल्वेवर त्यासाठी जनरेटरची सोय करावी लागते, म्हणून आपल्याकडची बहुतेक द्राक्षं अजून ट्रेलरने हायवेनेच जातात. गाडीवर एखादं थंड खोकं दिसलंच तर ओळखायचं कसं, तर एका टोकाला पंखा आणि जाळी असलेलं मशीन बसवलेलं असतं, रंग बहुतेक पांढरा.

आता खरी मजा, नंबर वाचायचे. नंबर दोन प्रकारचे, एक वॅगनचा आणि एक खोक्याचा, त्यांची गल्लत करू नका.

वॅगनचा नंबर ११ आकडी, खाली लोखंडी पट्टीवर. पहिले दोन आकडे वॅगनचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे (०१ म्हणजे मध्य, ०८ म्हणजे पश्चिम), पुढचे दोन बांधल्याचं साल, मग चार आकडे अनुक्रम, आणि शेवटचा आकडा पडताळणीचा. हा शेवटचा आकडा पोरांना वेड लावतो. समजा नंबर आहे ६००८१२३४५६ आणि शेवटचा आकडा चिखलाने झाकलाय. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा आकडा घ्या: ० + ८ + २ + ४ + ६ = २०, त्याची तिप्पट ६०. मग पहिला, तिसरा, पाचवा, सातवा, नववा: ६ + ० + १ + ३ + ५ = १५. बेरीज ७५. पुढचा दहाच्या पटीतला आकडा ८०, फरक ५. झाकलेला आकडा ५. आणि साल १२, म्हणजे २०१२ ची वॅगन. आमच्या भाचेसाहेबांनी पहिल्यांदा हे गणित चुकवलं आणि रेल्वेनेच चुकीचा नंबर रंगवलाय असा निकाल दिला. दुसऱ्यांदा बेरीज केली तेव्हा गप्प.

खोक्याचा नंबर जगभर एकाच पद्धतीचा. आधी चार इंग्रजी अक्षरं, त्यातलं चौथं जवळजवळ नेहमी यू, मग सहा आकडे, मग चौकटीत एक आकडा, तो पण पडताळणीचाच पण त्याचं गणित किचकट आहे, नऊ वर्षांच्या पोराला नका सांगू. पहिल्या अक्षरांवरून मालक कळतो, एमएससीयू म्हणजे एमएससी कंपनी, एमएईयू किंवा एमएसकेयू म्हणजे मर्स्क. त्याच्या खाली चार खुणांचा छोटा कोड असतो: २२जी१ म्हणजे २० फुटी साधं, ४५जी१ म्हणजे ४० फुटी उंच साधं, ४५आर१ म्हणजे ४० फुटी उंच थंड. हे तीन पाठ करा, बाकी सोडून द्या.

मोजताना एक करा, इंजिन सोडून पहिल्या वॅगनपासून मोजा आणि दर पाचाला एक बोट मिटा, नऊ बोटं मिटली की गाडी संपते. मधल्या रुळावर दुसरी गाडी आली की सगळा हिशोब बोंबलतो, आमचा तीनदा बोंबललाय. शेवटच्या डब्यावर एलव्ही अशी पाटी दिसली म्हणजे गाडी पूर्ण आहे, मागे काही सुटलेलं नाही.

इंजिनांकडे पण बघा जरा. दोन भाग एकमेकांना जोडलेलं लांबलचक इंजिन दिसलं तर ते डब्ल्यूएजी १२, १२ हजार हॉर्सपॉवरचं, बिहारमधल्या मधेपुऱ्यात बनतं. एकाच भागाचं असेल तर बहुतेक डब्ल्यूएजी ९ किंवा ७. इंजिनांच्या मोटारी दुरुस्त करायचा कारखाना आपल्या नाशिकरोडलाच आहे, हे निम्म्या नाशिककरांना माहीत नसतं.

आता एवढे नंबर वहीत लिहून करायचं काय? घरी येऊन लॉजिस्टिक्स डेटा बँक सर्च करा, खोकं कुठवर पोचलं ते दाखवणारी वेबसाइट, लोक एलडीबी म्हणतात, २०१६ मध्ये न्हावाशेव्यापासूनच सुरू झालं. खोक्यांना रेडिओ टॅग लावतात, ते कुठल्या गेटमधून गेलं ते नोंदलं जातं. खोक्याचा अकरा खुणांचा नंबर टाकायचा (वॅगनचा नाही), स्पेस न देता, शून्य आणि ओ यात घोळ न करता. लगेच काही दिसलं नाही तर वैतागू नका, दोन-तीन दिवस थांबा.

आणि पोरगं हट्टालाच पेटलं की बंदर बघायचंच, तर नेरूळ किंवा बेलापूरहून उरण लोकल धरा, उरणपर्यंत जानेवारी २०२४ ला सुरू झाली, तेव्हा वाटेत न्हावाशेवा नावाचं स्टेशनच होतं. बंदरात आत सोडत नाहीत पण मालगाड्या आणि क्रेन बघून पोरांचं पोट भरतं.

आमच्या वहीत मागच्या खेपेला एकवीस नंबर होते. रविवारी गाडी बघितली, मंगळवारी रात्री साडेनऊला बहिणीचा फोन, मला वाटलं काय झालं. मागून भाचा ओरडत होता, मामा निळं खोकं बंदरात पोचलं, आणि त्याला उद्या शाळा होती.