आलेख वाचताना आधी उभा अक्ष बघा

खाडी ओलांडणाऱ्या दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या जाऊन-येऊन एका खेपेचा आलेख काढून बघा. बोट सरळ रेषेत जाते असं धरू. दाभोळचा धक्का म्हणजे शून्य. स्थान-काल आलेखात रेष वर चढते, धोपाव्याला गाड्या उतरेपर्यंत आडवी राहते, परतताना खाली येऊन शून्याला टेकते. विस्थापन (निघालो तिथपासून पोचलो तिथपर्यंतचं सरळ अंतर, दिशेसह) शून्य, पण कापलेलं अंतर खाडीच्या रुंदीच्या दुप्पट. अंतर-काल आलेखातली रेष कधीच खाली येत नाही.

घोळ होतो वेग-काल आलेखात, कारण तिथे उभ्या अक्षावर स्थान नसून वेग असतो. तिथली आडवी रेष म्हणजे बोट एकाच वेगाने चाललेली. थांबली तर रेष शून्यावर, परतताना शून्याखाली. स्थानाच्या रेषेचा चढ म्हणजे वेग, वेगाच्या रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. परतीचं क्षेत्रफळ उणे धरायचं (मार्क इथेच जातात!).