बुबुळावर फूल, आत मोतीबिंदू : ऑपरेशननंतर किती दिसेल, हे आधी कसं सांगायचं

नेत्ररोगाच्या पहिल्या वर्षाला आलेल्या निवासी डॉक्टरांचं सगळं लक्ष फेकोकडे (लहान छेदातून मोतीबिंदू फोडून काढण्याच्या ऑपरेशनकडे) असतं आणि ते स्वाभाविकही आहे. पण कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक थर) ओपीडीत बसायला लागलात की एक प्रश्न रोज समोर येतो. आजी खुर्चीत बसतात, शेजारी मुलगा उभा असतो. बुबुळावर जुनं फूल (कॉर्नियावरचा पांढुरका डाग), आत मोतीबिंदू. मुलगा विचारतो, "ऑपरेशन केल्यावर हिला किती दिसेल?" या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर देता येणं हे ऑपरेशन करता येण्याइतकंच मोठं कौशल्य आहे असं मी मानते. अनेक वर्षं निवासी आणि ऑप्टोमेट्रीच्या मुलांना हे शिकवते आहे, म्हणून नव्यांसाठी लिहिते.

सगळ्यात आधी वाटणी करायची : नजर गेली त्यात डोळ्यातल्या मूळ भिंगाचा, म्हणजे मोतीबिंदूचा, वाटा किती, कॉर्नियाचा किती, आणि मागे पडद्याचा किंवा नसेचा काही आहे का. ही वाटणी जमली की अंदाज जमतो. ती न करता मशिनवर बसवलं, तर बसवायच्या कृत्रिम भिंगाचा नंबर अचूक काढूनही पेशंट नाराज होतो.

वाटणीची सुरुवात विचारपूस करून होते. "मोतीबिंदू वाढायच्या आधी, दहा वर्षांपूर्वी या डोळ्याने काय काय दिसायचं? एसटीची पाटी वाचता यायची का? सुईत दोरा ओवता यायचा का?" फूल जुनं असेल, तर तेव्हाची नजर हीच साधारण वरची मर्यादा असते. मोतीबिंदू काढून आपण त्या दिवसांकडे परत जातो, त्याच्या पलीकडे सहसा जात नाही. जुना केसपेपर किंवा चष्म्याचा कागद पिशवीत सापडला तर तो जपून वाचा. लहानपणापासून फूल असेल तर तो डोळा आळशीही असू शकतो. हे कुठल्याही मशिनवर दिसत नाही.

मग आरजीपी चाचणी. कॉर्नियाचा बाह्यभाग खडबडीत झाला असेल तर ही आरजीपी, म्हणजे कडक कॉन्टॅक्ट लेन्स, ठेवली की लेन्स आणि कॉर्नियामधली जागा अश्रूंनी भरते आणि प्रकाशाला गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. वर रिफ्रॅक्शन करून (चष्म्याचा नंबर काढून) नजर तपासायची. ऊसपट्ट्यातले एक आजोबा आठवतात. तरुणपणी उसाचं पान लागून उजव्या डोळ्यात अल्सर झालेला, तो भरून मध्याच्या जरा खाली पुसट फूल राहिलेलं. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याने चष्मा लावून बोटं मोजायचे, पिनहोलने (बारीक छिद्रातून बघून) ६/६०, म्हणजे तक्त्यावरचं फक्त सगळ्यात मोठं अक्षर. आरजीपी ठेवल्यावर त्यांनी ६/२४ ची ओळ वाचली, सावकाश, पण एकही अक्षर न चुकता. म्हणजे त्या मोतीबिंदूतून किमान ६/२४ इतकी नजर जात होती; बाकीचा अडथळा कॉर्नियाच्या वेड्यावाकड्या पृष्ठभागाचा. "म्हणजे हा डोळा ऑपरेशनने सुधरायचा नाय म्हणता?" असं त्यांनीच विचारलं. मी सांगितलं, नुसत्या ऑपरेशनने थोडा उजेड वाढेल, स्वच्छ वाचायचं तर वर ही लेन्स लागेल. शेतातल्या धुळीत, थरथरत्या बोटांनी ती लेन्स रोज घालणं त्यांना जमणारं नव्हतं. डाव्या डोळ्याचा कॉर्निया निरोगी होता, म्हणून आधी तो करायचं ठरलं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. दाट पांढरं फूल कडेला असेल तर नजर चांगली राहू शकते, आणि मधोमध असलेलं पुसट फूल प्रकाश विखरून फार त्रास देतं. टॉर्चमध्ये काय उठून दिसतं यावरून अंदाज बांधू नका. रेटिनोस्कोप (डोळ्यात प्रकाश टाकून नंबर तपासायचं साधन) हातात घ्या. कात्रीसारखी हलणारी सावली दिसली की अनियमित सिलिंडर (कॉर्नियाच्या वेड्यावाकड्या वक्रतेमुळे येणारा नंबर) आहे हे समजतं. पेंटाकॅम (कॉर्नियाचा नकाशा काढणारं मशिन) नसलेल्या तालुक्याच्या दवाखान्यातही एवढं होतं. केरॅटोमीटरच्या (कॉर्नियाची वक्रता मोजणाऱ्या यंत्राच्या) वर्तुळांचा आकार बिघडलाय का, हेही डोळ्याने बघा. नुसता आकडा लिहून पुढे जाऊ नका.

मोतीबिंदू पिकलेला असेल तर आरजीपी फारसं काही सांगत नाही. तेव्हा चारही दिशांनी प्रकाशाची जाण, बाहुलीची प्रतिक्रिया, बी-स्कॅन (डोळ्याची सोनोग्राफी) आणि दुसऱ्या डोळ्याची स्थिती यांवर भिस्त ठेवायची. फुलाच्या आड काचबिंदू लपलेला असू शकतो. स्लिट लॅम्पवर बाहुलीची कड नीट दिसते का, हेही नोंदवा. आपल्याला आत दिसलं नाही तर ऑपरेशन अवघड होतं. ट्रायपॅन ब्लू या रंगाने कॅप्सूल (भिंगाचं आवरण) रंगवून बरंच साधतं, पण त्यालाही मर्यादा आहे.

आता मापांबद्दल, आणि याबाबत मी फार आग्रही आहे. शिबिरात वेळ वाचवायला रांगेतच भूल देणारे थेंब टाकले जातात. त्यानंतर घेतलेल्या केरॅटोमेट्रीवर विसंबू नका. थेंबांनी पृष्ठभाग बिघडतो, आणि केमध्ये (केरॅटोमेट्रीच्या आकड्यात) १ डायॉप्टर (नंबराचं एकक) चूक झाली तर चष्म्याच्या नंबरात साधारण तेवढीच चूक होते. क्रम असा : आधी केरॅटोमेट्री, मग कापसाच्या धाग्याने कॉर्नियाची संवेदना, मग थेंब, आणि शेवटी प्रोब टेकवून ए-स्कॅन (डोळ्याच्या लांबीचं माप). डोळा कोरडा असेल तर आधी उपचार करा आणि मापं पुन्हा घ्या. दोन वेळचे आकडे जुळले नाहीत तर ऑपरेशनची तारीख पुढे ढकला.

केरॅटोकोनसमध्ये (कॉर्निया शंकूसारखा पुढे येतो त्या आजारात) वेगळी अडचण. केरॅटोमीटर फक्त पुढचा पृष्ठभाग मोजतो आणि मागच्याचा हिशोब १.३३७५ या ठरीव निर्देशांकाने गृहीत धरतो. शंकूसारख्या कॉर्नियात पुढच्या-मागच्या वक्रतेचं ते प्रमाण राहत नाही. कॉर्नियाची ताकद प्रत्यक्षाहून जास्त मोजली जाते, भिंग कमी ताकदीचं निवडलं जातं आणि पेशंटला प्लस नंबर येतो. आयुष्यभर मायनसची सवय असलेल्या माणसाला हे फार जड जातं. दूरचंही नाही, जवळचंही नाही. म्हणून लक्ष्य थोडं मायनसकडे ठेवतात, आणि बॅरेट ट्रू-के किंवा केन यांची केरॅटोकोनससाठीची भिंगाचा नंबर काढण्याची सूत्रं वापरतात. शंकू फार तीव्र असेल तर त्यांचाही अंदाज चुकू शकतो, ते पेशंटला आधी सांगा. आणखी एक प्रश्न विसरू नका : "ऑपरेशननंतर आरजीपी घालणार आहात का?" उत्तर हो असेल तर टोरिक (सिलिंडर नंबर घालवणारं) भिंग बसवू नका. आरजीपी कॉर्नियाचा सिलिंडर झाकते, आणि आतल्या टोरिकचा सिलिंडर उघडा पडतो.

फुक्स डिस्ट्रॉफीत (कॉर्नियाच्या सगळ्यात आतल्या थराच्या पेशी कमी होत जाण्याच्या आजारात) विचारायचं ते हे : "सकाळी उठल्यावर धुरकट आणि दुपारपर्यंत बरं, असं होतं का?" रात्रभर पापण्या मिटलेल्या असल्याने कॉर्नियातलं पाणी साठून राहतं, म्हणून सकाळ वाईट जाते. मोठ्या माणसात एंडोथेलियमच्या (त्याच आतल्या, कॉर्नियातलं पाणी बाहेर काढणाऱ्या थराच्या) पेशी दर चौरस मिलिमीटरला साधारण २००० ते ३००० असतात. ५०० च्या आसपास आल्या की सूज राहण्याची भीती. कॉर्नियाची जाडी ६४० मायक्रॉनच्या वर असेल तर तो तग धरेल का याचा गंभीर विचार करतात. पण एकट्या आकड्यावर निर्णय घेऊ नका; काहींचा कॉर्निया मुळातच जाड असतो. सकाळची आणि दुपारची जाडी मोजून फरक पाहणं जास्त बोलकं ठरतं. पुढे डीमेक (तो आतला थर बदलण्याचं ऑपरेशन) करावं लागेल असं वाटलं तर त्याने नंबर थोडा प्लसकडे सरकतो, तेव्हा भिंग निवडताना मायनसची सोय आधीच ठेवायची.

टेरिजियम (बुबुळावर चढणारं मांस) मोठं असेल तर आधी ते काढा, केरॅटोमेट्री स्थिर होऊ द्या, मग मोतीबिंदू. डोळ्याच्या हर्पिसचा (विषाणूच्या संसर्गाचा) जुना इतिहास असेल तर डोळा किमान ६ महिने शांत असावा, आणि ऑपरेशनच्या काळात तोंडाने असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालू ठेवण्याची पद्धत आहे, कारण नंतरचे स्टिरॉइड थेंब त्या विषाणूला पुन्हा उठवू शकतात.

घरच्यांशी बोलताना टक्केवारी सांगू नका. "माणूस चेहऱ्याने ओळखू येईल, घरात एकट्या फिरतील, पण पेपर वाचता येईल असं वाटत नाही," असं कामांच्या भाषेत सांगा आणि केसपेपरवर तेच शब्द लिहा. फुक्सचा पेशंट असेल तर दुसरं ऑपरेशन लागू शकतं हे पहिल्या भेटीतच सांगा. आधी सांगितलं तर ते समजावणं असतं, नंतर सांगितलं तर घरच्यांना ती सबब वाटते.

प्रबंधाचा विषय शोधत असाल तर हा घ्या. एक वही घाला : ऑपरेशनपूर्वी वर्तवलेला नंबर, ६ आठवड्यांनी प्रत्यक्ष आलेला नंबर, दोन्हींतला फरक, आणि आरजीपीवर मिळालेली नजर. ब्रिटनमध्ये २००९ साली मोतीबिंदूच्या ऑपरेशनांसाठी ८५ टक्के डोळे वर्तवलेल्या नंबराच्या १ डायॉप्टरच्या आत यावेत असा मापदंड सुचवला गेला. तुमच्या निरोगी कॉर्नियाच्या पेशंटांचा आकडा त्याच्याशी ताडून पाहा, आणि फूल, केरॅटोकोनस, फुक्स यांचे रकाने वेगळे ठेवा. एकत्र सरासरी काढली तर खरी चूक त्यात बुडून जाते. चूक सतत प्लसकडेच जातेय की दोन्ही बाजूंना विखुरतेय, हे वेगवेगळं मांडा. एकाच बाजूला जाणारी चूक लक्ष्य बदलून सुधारता येते. विखुरलेली असेल तर बहुधा मापंच नीट घेतली जात नाहीत, आणि मग पुन्हा रांगेत जाऊन थेंब कोण, कधी टाकतंय ते बघावं लागतं.