जुनी सिरियल यंत्रं नव्या सॉफ्टवेअरला जोडायला जाताना (आणि ती तिसरी वायर)

गेल्या वर्षी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी हे काम नासवलं. पुढच्या आठवड्यात गोकुळ शिरगावला जवळपास तसंच काम आहे आणि सोबत दोन नवी पोरं आहेत, म्हणून लिहून ठेवतोय. काम काय, तर जुने एनर्जी मीटर, हीट ट्रीटमेंटचे टेंपरेचर कंट्रोलर, सँड प्लँटचा म्हातारा पीएलसी (प्लँट चालवणारा छोटा कॉम्प्युटर) आणि गेटवरचा वजनकाटा हे सगळं नव्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरवर आणायचं. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पुरात शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली गेला, तेव्हापासून इकडच्या मालकांना कारखाना घरात बसून मोबाइलवर बघायचाय. बघू देत. पोटापाण्याची सोय आहे आपली.

लॅपटॉप, चार्जर, मल्टिमीटर, टेप, फेरूल हे काय सांगायचं? बारीक चपटा स्क्रूड्रायव्हर मात्र दोन घ्या. मीटरच्या टर्मिनलला मोठा बसत नाही आणि एक हमखास पॅनेलच्या तळाशी पडतो, बसबारच्या मागं, जिथं हात घालायचा नसतो.

आता तिसरी वायर. आरएस-४८५ ला (बरीच यंत्रं एकाच लाइनवर जोडायच्या सिरियल पद्धतीला) सगळे ‘टू-वायर’ म्हणतात आणि तिथंच घात होतो. ए आणि बी या दोन वायरमधला फरक वाचला जातो हे खरं, पण वाचणाऱ्या चिपला त्या दोन्ही वायर स्वतःच्या ग्राउंडपासून उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या आतच चालतात. फर्नेसच्या पॅनेलचं अर्थिंग वेगळं, ऑफिसातल्या पीसीचं वेगळं. मधे शंभर मीटर ट्रे, बाजूला इंडक्शन फर्नेसच्या केबल. दोन्हीकडचं ग्राउंड एकमेकांपासून किती सरकलंय हे कुणी बघितलेलं नसतं. ते सरकणं आवरायला तिसरी वायर लागते: एका टोकाच्या कॉमनपासून (यंत्राच्या आतल्या ग्राउंडपासून) दुसऱ्या टोकाच्या कॉमनपर्यंत. टर्मिनलवर कधी सी, कधी एससी, कधी जीएनडी लिहिलेलं असतं. नाव काहीही असो, ती जोडायची.

मी जोडली नव्हती. केबल चांगली घेतली होती, तीन कोअरची, शील्डवाली. फर्नेसच्या मीटरपाशी आमचे वायरमन मामा वायर सोलत होते. त्यांनी तिसरी कोअर वर धरून विचारलं, “सायब, ही कुठं लावायची?” मी लॅपटॉपातून मान वर न काढता म्हणालो, “राहू दे मामा, ही दोन वायरचीच असती.” मामांनी ती कोअर मागं दुमडली, काळी टेप गुंडाळली आणि पॅनेलचं दार लावलं. रविवार होता, फर्नेस बंद होती. संध्याकाळी चौदाच्या चौदा यंत्रं स्क्रीनवर हिरवी. मालकांनी मोबाइलवर आकडे बघितले, मिसळ मागवली. सोमवारी पहिल्या हीटला (भट्टीच्या पहिल्या घाण्याला) पॉवर चढवली तशी आधी फर्नेसचा मीटर गेला, मग त्या लाइनवरचं एकेक करून सगळंच लाल. दुपारपर्यंत कन्व्हर्टरचा (ही लाइन पीसीला जोडणाऱ्या डब्याचा) एक पोर्ट मेला आणि एका टेंपरेचर कंट्रोलरचा कम्युनिकेशनचा भाग जळाला. तो कंट्रोलर आता बनतच नाही. नवा बसवायला पॅनेलचा पत्रा कापावा लागला, कारण आताचे लहान मापाचे येतात. बिल कुणी भरलं ते विचारू नका.

नंतर मोजलं. मीटरचं कॉमन आणि कन्व्हर्टरचं कॉमन यांच्यामधे एसी व्होल्ट: फर्नेस बंद असताना अर्धा व्होल्टसुद्धा नाही, पूर्ण लोडवर चौदा. म्हणून यादीतलं पहिलं काम हे की वायर टाकायच्या आधी हा व्होल्टेज मोजायचा, आणि फर्नेस चालू असताना मोजायचा. रविवारची शांतता बघून हुरळायचं नाही. मोजणी पॅनेलमधे होते, तेव्हा तिथल्या इलेक्ट्रिशियनला बरोबर घ्या, एकट्यानं हात घालू नका.

फरक व्होल्ट-दीड व्होल्टच असेल तर तिसरी वायर थेट जोडा. जास्त असेल तर नुसती जोडू नका, त्या बिचारीतूनच करंट वाहायला लागेल. तिथं आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेनं एकमेकींपासून तोडलेला) कन्व्हर्टर किंवा आयसोलेटेड रिपीटर घ्यायचा. तो त्याच पॅनेलमधे बसवायचा आणि त्याच्या आयसोलेटेड बाजूचं कॉमन मीटरच्या कॉमनला जोडायचं. म्हणजे तिसरी वायर तिथंही आहेच. ‘आयसोलेटेड घेतलाय, आता कॉमन कशाला’ हे मी दुकानदाराच्या तोंडून ऐकलंय. ऐकायचं नाही. आणि शील्ड म्हणजे तिसरी वायर नव्हे. शील्ड एकाच टोकाला अर्थ करायची, दुसऱ्या टोकाला कापून टेप मारायची. फर्नेसच्या मीटरला वेगळी लाइन द्या. बाकीच्यांच्या गळ्यात ते दुखणं बांधू नका.

मीटरवर कॉमनचं टर्मिनलच नसेल तर? काही मीटरचा पोर्ट आतून आयसोलेटेड असतो आणि बाहेर दोनच स्क्रू दिलेले असतात. तसं मॅन्युअलमधे लिहिलेलं असेल तर प्रश्न मिटला. मात्र ‘दिसलं नाही’ आणि ‘नाही’ यात फरक आहे. शिरोलीच्या मीटरला ते होतं, झाकणाखाली.

गंमत म्हणजे वजनकाट्याला ही वायर कुणी विसरत नाही. काट्याचा इंडिकेटर आरएस-२३२ (दोनच यंत्रं जोडायची सिरियल पद्धत), नऊ पिनचा कनेक्टर. २, ३ आणि ५ सगळ्यांना पाठ, आणि ५ म्हणजे ग्राउंडच की! २ आणि ३ सरळ चालल्या नाहीत तर उलट करून बघा, तेवढंच. आरएस-२३२ साधारण पंधरा मीटरपर्यंत, त्यापुढं भरवसा नाही. गेट ते ऑफिस अंतर त्याच्या कितीतरी पट असतं, म्हणून कन्व्हर्टर काट्याच्या केबिनमधेच बसवून पुढं इथरनेट न्यायचं. काटा मोडबस (मीटर आणि पीएलसी ज्या भाषेत उत्तरं देतात ती) बोलत नसतो, नुसती अक्षरांची ओळ सोडत राहतो. आधी साध्या टर्मिनल प्रोग्रॅममधे ती ओळ डोळ्यांनी बघा, ट्रक चढताना आणि थांबल्यावर. वजन स्थिर झाल्याची खूण बहुधा त्याच ओळीत एका अक्षरात असते. ती पकडली नाही तर ट्रक हलत असतानाचं वजन रिपोर्टात जाईल.

आता कागदपत्र. प्रत्येक यंत्राच्या नेमप्लेटचा फोटो आणि कम्युनिकेशन मेनूच्या प्रत्येक पानाचा फोटो, बटणाला हात लावण्याआधी. अ‍ॅड्रेस, बॉड रेट (बोलण्याचा वेग), पॅरिटी (चूक पकडायचा बिट), स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण). नवा मीटर बहुतेक वेळा अ‍ॅड्रेस १ घेऊन जन्मतो, त्यामुळं एका लाइनवर दोन ‘१’ सापडतात आणि दोघं एकदम बोलायला लागतात. १ ते २४७ मधे आकडे भरपूर आहेत, वाटून द्या आणि मीटरवर चिकटवा. लाइनवरच्या सगळ्यांचा बॉड रेट आणि पॅरिटी एकच हवी. मोडबसच्या नियमाप्रमाणं मुळात ईव्हन पॅरिटी, आणि पॅरिटी नसेल तर दोन स्टॉप बिट. निम्मे बनवणारे हे पाळत नाहीत, म्हणून मॅन्युअलपेक्षा फोटोवर विश्वास ठेवा.

ए आणि बी ही नावं तर सोडूनच द्या. एकाचा ए तो दुसऱ्याचा बी. उलट जोडल्यानं जळत काही नाही, फक्त उत्तर येत नाही. अदलाबदल करा, पुढं व्हा. दोन टोकांना १२० ओहमचा रेझिस्टन्स, मधल्या यंत्रांना नाही. तपासायला पॉवर बंद करून ए-बी मधे मल्टिमीटर लावा: साठच्या आसपास आलं तर बरोबर, एकशेवीस आलं तर एक राहिलाय, चाळीस आलं तर कुणीतरी मधल्या मीटरवरचा रेझिस्टन्सचा स्विच चालू ठेवलाय. वायर एका यंत्रातून पुढच्यात न्यायची, झाडाच्या फांद्या काढायच्या नाहीत. आणि तिसरीसुद्धा तशीच, प्रत्येक यंत्रातून. मधे एका ठिकाणी तुटली की पुढच्यांचं कॉमन गेलं.

सँड प्लँटच्या पीएलसीला आधीच एक टचस्क्रीन जोडलेला असेल. त्या पोर्टवर आपली वायर मारायची नाही. मोडबस आरटीयूच्या लाइनवर मास्टर एकच, विचारणारा एकच. दोघं विचारायला लागले की टचस्क्रीन अधूनमधून गोठतो आणि ऑपरेटर शिव्या आपल्याला घालतो. पीएलसीला दुसरा पोर्ट आहे का बघा. नसेल तर दोघांना रांगेत उभं करणारा गेटवे घ्या. आणि पीएलसीला हात लावण्याआधी त्याच्या प्रोग्रॅमचा बॅकअप आहे का विचारा. बॅटरी किती वर्षांची आहे तेही विचारा. उत्तर ‘बघायला पाहिजे’ असं आलं तर त्या दिवशी पीएलसीची पॉवर बंद करू नका. प्रोग्रॅम बॅटरीवर जगणारा असेल तर परत चालू केल्यावर रिकामा सापडेल.

लॅपटॉपनं एकेका यंत्राला त्याच्यापाशी उभं राहून आधी वाचा, सॉफ्टवेअर नंतर. यूएसबी कन्व्हर्टर एकाच सॉकेटला लावा. सॉकेट बदललं की विंडोज कॉम पोर्टचा नंबर बदलू शकतो आणि अर्धा तास उगीच जातो. रजिस्टरचा (यंत्रात आकडा ठेवायच्या खणाचा) गोंधळ ठरलेला आहे: मॅन्युअलमधलं ४०००१ म्हणजे वायरवरचा अ‍ॅड्रेस ०, म्हणून एकानं पुढं-मागं करून बघायचं. व्होल्टेज वाचताना १७२५४ आणि ० असे दोन आकडे आले तर घाबरू नका, ते २३०.० आहे, दोन रजिस्टरमधे मावलेला फ्लोट (दशांश आकडा). त्या दोन रजिस्टरचा क्रम उलटा लावला तर तेच ०.००० दिसतं आणि माणूस वायर तपासत बसतो. मीटरच्या डिस्प्लेवरचा आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा शेजारी धरून जुळवा, सीटी रेशोसकट (करंट ट्रान्स्फॉर्मरच्या प्रमाणासकट).

मालक म्हणतील दर सेकंदाला पाहिजे. हिशेब दाखवा. ९६०० बॉडला, पॅरिटीसकट, एक अक्षर सुमारे १.१५ मिलिसेकंद खातं. दहा रजिस्टर मागितली तर जाण्यायेण्याची मिळून ३३ अक्षरं, म्हणजे ३८ मिलिसेकंद, वर म्हाताऱ्या मीटरचा विचार करायचा वेळ पन्नास ते शंभर. चौदा यंत्रं म्हणजे एक फेरी सव्वा ते दोन सेकंदांची. एखादं बंद असेल आणि टाइमआउट एक सेकंद, तीन प्रयत्न असं ठेवलं असेल तर तो एकटा तीन सेकंद रांग अडवतो. पाच सेकंद ठरवा. फर्नेसच्या मीटरची लाइन वेगळी आहेच, तिला लवकर विचारा, डिमांडवर (वीज किती खेचली जातेय त्यावर) नजर तिथंच ठेवायची असते.

पुढचं पटापट. गेटवे ‘मोडबस टीसीपी’वर (इथरनेटवरचा मोडबस) आहे की नुसता पारदर्शक (आलं तसं पुढं ढकलणारा), हे सॉफ्टवेअरमधेही तसंच निवडा. पोर्ट ५०२ इंटरनेटवर उघडा टाकू नका. मोडबस १९७९ चा आहे, त्यात पासवर्ड नावाची गोष्टच नाही. घरून बघायचं तर व्हीपीएन (इंटरनेटवरची बंदिस्त वाट). मोडबसच्या हुकमांपैकी वाचायचे ०३ आणि ०४ एवढेच चालू ठेवा, लिहायचे ०६ आणि १६ बंद. गेटवेला आयपी कायमचा द्या. घड्याळ जुळवा. कन्व्हर्टरला यूपीएसवरून सप्लाय. लेबल, ड्रॉइंग, सेटिंगचे फोटो एका पेनड्राइव्हवर, त्याची कॉपी मेंटेनन्सच्या कपाटात. जमलं तर वजनकाट्याच्या माणसाला चहा पाजा, केबिनची किल्ली त्याच्याकडंच असते.

फर्नेसच्या पूर्ण लोडवर एक आख्खी शिफ्ट चालल्याशिवाय ‘झालं’ म्हणायचं नाही, बिलही द्यायचं नाही.

आणि दारं लावण्याआधी पोरांनो, टॉर्च घेऊन प्रत्येक पॅनेलमधे वाका. दुमडलेली, काळी टेप गुंडाळलेली कोअर दिसली तर मला फोन करा. दुसऱ्या टोकाचं पॅनेलपण बघा.